तेलाचा घाणा आणि अनाशीचे भांडे

आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत इमारतीचा, सेफर तोरांचा आणि विश्वस्तांचा इतिहास येणारच. या पानावर आम्ही स्वयंपाकघराचा इतिहास मांडणार आहोत. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी आपली पहिली मशीद बांधली ती १७९६ साली (वडीलधारी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत, हे वाचकांना आठवत असेल). त्याआधी कित्येक पिढ्या आपले पूर्वज कोकणात राहिले. प्रार्थनागृह नव्हते, हिब्रू ग्रंथ नव्हते, शिकवणारा कोणी नव्हता. टिकले ते शेमा, शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम. यांपैकी शेवटची गोष्ट दिवसातून दोन वेळा चुलीपाशी पाळावी लागे, आणि ती बायकांनी पाळली.

आपल्याला कोकणात शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे ते आपण. किहीम, चौल, रोहे, पेण या गावांवरून आपली आडनावे पडली, आणि त्या मुलखात तीळ व खोबरे घाण्यात घालून तेल काढणे हा आपला मुख्य धंदा होता. बैल दिवसभर घाण्याभोवती फिरे, तेल खाली गळे, पेंड गुरांना जाई. शुक्रवारी दिवेलागणीला घाणा थांबला की शनिवारी संध्याकाळपर्यंत लाट हलत नसे.

आता शास्त्राच्या बाजूने पाहू. तोरा मांस आणि दूध एकत्र शिजवू देत नाही, म्हणजे मटणाला तूप आणि दही नाही. लेवीय पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात बैल, मेंढरू आणि शेळी यांची चरबी निषिद्ध आहे, म्हणजे जनावराची ती चरबी वितळवून फोडणीला घेणेही नाही. राहिले ते झाडाचे आणि बियांचे तेल. धर्मामुळे हा धंदा धरला की धंद्यामुळे धर्म पाळणे सोपे झाले, हे ठरवणे कठीण. तेल्याच्या घरात शुद्ध तेलाला तोटा नव्हता, एवढे मात्र खरे.

युरोपातल्या यहुदी बायकांसमोरही हाच प्रश्न होता, पण त्यांच्याकडे नारळ नव्हता. म्हणून त्यांनी कोंबडीची आणि हंसाची चरबी कांद्याबरोबर मंद आचेवर वितळवून बरण्या भरल्या. इथे इस्राएलमध्ये आलो तेव्हा अश्केनाझी शेजारणींकडे ते श्मालत्स प्रथम पाहिले आणि वास काही आवडला नाही, हे मोकळेपणाने सांगतो. आमचा नारळाचा रस त्यांनाही तितकाच परका वाटला असेल.

नारळाने आपले दुहेरी काम केले. खोबरेल फोडणीला गेले, आणि दुधाची जागा नारळाच्या रसाने घेतली. ओले खोबरे पाट्यावर वाटून कोमट पाण्यात पिळले की पहिला दाट रस निघतो. तो उतरवताना घालायचा, नाहीतर फुटतो. दुसरा पातळ रस मांस शिजताना घालायचा. नव्या वर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा आपण याच रसात आटवतो, म्हणून मटणाच्या जेवणानंतरही तो खुशाल खाता येतो. शेजाऱ्यांच्या घरी सुकट आणि जवळा चवीला असे. आपल्याकडे खवले आणि पर नसलेले काही चालत नाही, म्हणून आमसूल, चिंच, कैरी यांवरच चवीची भिस्त. दाविद राहाबींनी आपल्या बायकांपुढे सगळ्या जातींची मासळी ठेवली आणि त्यांनी खवले-पर असलेली तेवढी वेगळी काढली, तेव्हा हे यहुदीच अशी त्यांची खात्री पटली, ही कथा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात.

सर्वांत मोलाची गोष्ट हाईम सॅम्युएल केहीमकरांनी नोंदवून ठेवली आहे. त्यांनी १८९७ साली लिहिलेला आपल्या समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. वल्हांडणाला पेसाह हे नाव आपल्याला ठाऊक नव्हते तेव्हा त्या सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनाशी म्हणजे तोंडी लावण्याचा आंबट रस भरलेले भांडे. निसान महिन्यात ते झाकून ठेवीत. लोक हे वाचून हसतात, पण यात हसण्यासारखे काय आहे? कोकणात भात आणि तांदळाची भाकरी. फुगलेला पाव घरात नव्हताच. आंबवलेले घरातून दूर करा एवढीच आज्ञा आठवत असलेल्या बाईने घरात नजर फिरवली, तर तिला आंबट दिसले ते एवढे एकच भांडे. तिने ते झाकले. शब्द हरवले होते, पण महिना चुकला नाही आणि आज्ञेचा गाभाही चुकला नाही, असे आमचे मत आहे.

हे आज लिहावेसे वाटते त्याला कारण आहे. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटने आपल्या लोकांच्या लग्नाआधी वंशावळ तपासण्याचे निर्देश काढले. १९६४ साली आपल्या बांधवांनी यरुशलेममध्ये धरणे धरले, कनेसेटमध्ये चर्चा झाली, आणि त्या निर्देशांतून आपले नाव निघाले. त्या काळात कागदपत्रे आणि पणजोबांची नावे विचारली गेली. पणजीच्या फोडणीत काय होते, हे कोणी विचारले नाही.

इथे आल्यावर सवयी बदलल्या. १९४९ पासून रेशन होते, तेल आणि मार्गारीन मोजून मिळे, ओला नारळ तर दिसतच नसे. सुक्या खोबऱ्याचा कीस गरम पाण्यात भिजवून पिळायचा हा उपाय तेव्हा निघाला, तो अजून चालतो. भारतात राहिलेल्यांनाही पुढे विकतच्या तुपाचा अनुभव आला. १९८३ साली वनस्पती तुपात गुरांची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हा वनस्पतीचा डबा पुष्कळ घरांतून हद्दपार झाला.

पेसाहचा मसाला मात्र घरीच करावा. गिरणीत गहूही दळतात, म्हणून आमच्या घरी धणे, मिरची आणि हळकुंडे निवडून, उन्हात वाळवून उखळात कांडत. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नाही. तो पेसाहभर वर्ज्य. धान्यापासून केलेला माल्ट व्हिनेगर नको, लिंबू किंवा आमसूल वापरा.

जन्मभर परिचारिका म्हणून काम केल्यामुळे दोन शब्द प्रकृतीविषयी. शास्त्राप्रमाणे मांस अर्धा तास पाण्यात आणि एक तास मिठात ठेवून तीनदा धुतात, तरी मीठ उरतेच. ज्यांना रक्तदाब आहे त्यांच्या रश्शात वरून मीठ घालण्यापूर्वी चव पाहावी. खोबरेल तेलात संपृक्त मेद ८० टक्क्यांहून अधिक, तिळाच्या तेलात १५ टक्क्यांच्या आसपास. हृदयविकार असलेल्यांनी रोजच्या फोडणीला तिळाचे तेल घ्यावे आणि नारळाचा रस सणासाठी राखावा. दोन्ही आपल्याच घाण्यावरची तेले आहेत, तेव्हा परंपरा मोडल्याचे दुःख नको. किद्दुशसाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून आपण जे शरबत करतो, त्यात साखर न घालताही पुष्कळ साखर असते. मधुमेह असलेल्यांनी दोन घोट घ्यावेत, आणि पेला संपवण्याचा आग्रह घरच्यांनी करू नये.