अरण्यातील पाहुण्याचा शिधा

दूरच्या अरण्यात मुक्कामाला जायचे म्हटले की वाघ-हत्तींच्या आधी दोन साध्या गोष्टींची चिंता करावी लागते. रात्री पाठ कोठे टेकायची आणि चुलीवर काय चढवायचे? अरण्यप्रवासाची जुनी वर्णने चाळली, तर त्यांत नेमबाजी आहे, निसर्गशोभा आहे, हिंस्र पशूंच्या हालचालींचा सूक्ष्म तपशील आहे. परंतु साहेबांच्या तंबूपर्यंत पीठ, दूध आणि सरपण कोणी वाहून आणले, हे त्यांत क्वचितच सापडते. आज ते आपण शोधू या, आणि त्यासाठी हिमालयाच्या पायथ्याशी, कुमाऊँ आणि गढवाल यांच्या सीमेवर जाऊ या. भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान तेथेच निर्माण झाले. आज ते कॉर्बेट राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखले जाते.

या प्रदेशात परक्या माणसाच्या राहण्या-जेवण्याची एक जुनी व्यवस्था होती, ती यात्रेकरूंची. बदरी-केदारच्या पायवाटेवर काही काही मैलांवर चट्ट्या असत. चट्टी म्हणजे गवताने वा पाट्यांनी शाकारलेला साधा आसरा, आणि त्याला जोडून वाण्याचे दुकान. यात्रेकरूने दुकानातून डाळ, तांदूळ, पीठ विकत घ्यावे; मग स्वयंपाकाची भांडी आणि रात्रीची जागा यांचे वेगळे दाम पडत नसत. सकाळी भांडी घासून परत करायची आणि पुढच्या मजलेला लागायचे. मराठी माणसालाही ही वाट अनोळखी नव्हती. अहिल्याबाई होळकरांनी देशभर ज्या धर्मशाळा बांधल्या, त्यांत बदरी-केदारच्या यात्रेकरूंचीही सोय पाहिली होती. चट्टीत सुख फारसे नव्हते, स्वच्छताही बेताचीच होती. पण तेथला व्यवहार सरळ होता. पाहुणा आपल्या शिध्याचे मोल देई आणि यजमानाचेही त्यात पोट भरे.

दुसरी व्यवस्था सरकारी पडावाची होती. इंग्रजांनी १८१५ साली गुरख्यांकडून कुमाऊँ घेतले. ओझी वाहण्याची वेठ त्याच्याही आधीपासून पहाडात होती; नव्या राज्याने ती मोडली नाही, उलट जमीनमहसुलाच्या व्यवस्थेत तिला पक्की जागा दिली. तिचे तीन प्रकार होते. कुली-उतार म्हणजे नाममात्र मजुरीवर सक्तीने ओझी वाहणे. कुली-बेगार म्हणजे तेच काम मजुरीशिवाय करणे. आणि कुली-बर्दायश म्हणजे दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्याच्या तळाला दूध, धान्य, गवत, लाकूड इत्यादी सामग्री फुकट किंवा नाममात्र दराने पुरवणे. गावच्या प्रमुखाकडे कुलींच्या नावांची वही असे आणि ज्याची पाळी येई त्याला जावेच लागे. शेतात पेरणी अडली आहे किंवा पीक कापणीला आले आहे, ही सबब चालत नसे. अधिकाऱ्याचा दौरा आणि त्याची शिकार यांच्यात फार मोठे अंतर नव्हते. त्यामुळे कित्येकदा राज्याच्या कामासाठी म्हणून जी वेठ घेतली जाई, ती खाजगी मृगयेच्याही उपयोगी पडे.

याच काळात अरण्याचे स्वामित्वही बदलत होते. १८६४ साली ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली सरकारी वनखात्याचा पाया घातला गेला आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांची पद्धत दृढ झाली. वनाधिकाऱ्यांना जंगल फिरून पाहावे लागे, म्हणून पायी किंवा घोड्यावरून एका मजलेत गाठता येतील अशा ठिकाणी विश्रामगृहे उभी राहिली. जाड भिंती, पुढे रुंद ओसरी, मागे स्वयंपाकघर, शेजारी चौकीदाराची खोली, असा त्यांचा ठरलेला घाट. रामगंगेच्या काठी पाटलीदूनच्या कडेला असलेले ढिकाल्याचे जुने विश्रामगृह शंभरांहून अधिक वर्षे उभे आहे. ही घरे बांधताना सामान्य प्रवासी कोणाच्याही मनात नव्हता. ती अधिकाऱ्यासाठी होती आणि त्याच्या मर्जीने त्याच्या मित्रांसाठी.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कुमाऊँमधील आणखी विस्तीर्ण जंगल राखीव झाले, तेव्हा पहाडी शेतकऱ्याची कुचंबणा पराकोटीला पोहोचली. ज्या वनातून स्वतःच्या चुलीसाठी मोळी आणताना त्याला नियम आडवे येत, त्याच वनातले सरपण साहेबांच्या चुलीसाठी मात्र त्याने मुकाट्याने आणून द्यायचे! लोकांनी आधी सौम्य उपाय करून पाहिले. गढवालात कुली एजन्सी निघाल्या. गावकऱ्यांनी वर्गणी काढायची, त्या पैशातून मजूर लावायचे आणि स्वतःची वेठ चुकवायची, अशी ती युक्ती होती. म्हणजे पाहुण्याच्या शिध्याचे मोल यजमानानेच आपल्या गाठीचे भरायचे. असला उपाय फार काळ समाधान देणार नव्हता.

१९२१ च्या जानेवारीत मकरसंक्रांतीला बागेश्वर येथे उत्तरायणीची जत्रा भरली. सरयू आणि गोमती यांच्या संगमावर बागनाथाचे प्राचीन देवालय आहे. तेथे पहाडातून हजारो माणसे लोटली होती. बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत आदी पुढाऱ्यांच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन लोकांनी सरयूच्या साक्षीने शपथ घेतली की यापुढे बेगार देणार नाही. गावोगावच्या प्रमुखांनी कुलींच्या वह्या आणल्या आणि नदीत फेकून दिल्या. रक्ताचा थेंब न सांडता शतकाचे ओझे प्रवाहात गेले. पुढे सरकारला ही प्रथा आवरती घ्यावी लागली. आपल्या राष्ट्रीय आंदोलनाच्या इतिहासात मिठाच्या सत्याग्रहाला जे स्थान आहे, ते या घटनेला मिळालेले नाही. परंतु एका प्रदेशापुरते पाहिले तर तिची योग्यता कमी नाही.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९३६ साली, रामगंगेच्या खोऱ्यातील सुमारे ३२४ चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले आणि त्याला प्रांताचे गव्हर्नर राहिलेल्या माल्कम हेली यांचे नाव देण्यात आले. त्याच्या आखणीत सल्ला देणाऱ्यांत जिम कॉर्बेट होते. या शिकाऱ्याची कीर्ती नरभक्षकांच्या पारिपत्यामुळे झाली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली, ती बदरी-केदारच्या यात्रामार्गावर आणि आसपासच्या गावांत. अखेर कॉर्बेट यांनी त्याला टिपले ते गोलाबराई येथे, यात्रेकरूंच्या एका निवाऱ्याजवळच. तो निवारा चालवणारा पंडित स्वतः त्या बिबट्याच्या तावडीतून वाचलेला होता, आणि तरीही त्याने वाटसरूंना आसरा देणे सोडले नव्हते. अरण्यातल्या आतिथ्याचे याहून मोठे उदाहरण कोणते द्यावे?

स्वातंत्र्यानंतर उद्यानाला काही काळ रामगंगेचे नाव होते. १९५५ साली कॉर्बेट निवर्तले आणि त्यानंतर ते त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ ढिकाल्यालाच झाला. साहेबाचे विश्रामगृह आता नागरिकाचे झाले. आगाऊ नोंदणी केली, शुल्क भरले आणि परवाना घेतला की कोणालाही तेथे राहता येते. ढिकाल्याला उपाहारगृह आहे, मात्र तेथे शाकाहारी अन्नच मिळते. आतल्या बऱ्याच लहान विश्रामगृहांत जाताना पीठ-मीठ आपले आपणच न्यावे लागते. मद्य आणि मांस यांना मनाई आहे. मनाला येईल तेथे राहुटी ठोकता येत नाही, आणि वाटेत गाडीतून खाली उतरण्याचीही मुभा नाही. पावसाळ्यात ढिकाल्याचा मुक्काम बंद असतो. प्रथम जाणाऱ्याला हे निर्बंध जाचक वाटतात. पण एके काळी पाहुण्याच्या इच्छेला मर्यादाच नव्हती आणि तिचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर होता, हे आठवले की त्यांचा अर्थ कळतो.

मात्र भार संपला, असे समजणे चुकीचे ठरेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास बंदी झाली. १९९० च्या दशकात कॉर्बेटच्या दक्षिण सीमेवरील झिरना, धारा आणि कोठीरौ ही गावे तेथून हलवण्यात आली. आज झिरना हे पर्यटकांच्या एका प्रवेशमार्गाचे नाव आहे. वाघाला निर्वेध जागा हवी, हे निर्विवाद. तरीही जेथे कोणाच्या तरी चुली पेटत होत्या, तेथून आपली गाडी जात आहे, याचे भान पाहुण्याने ठेवावे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही महिने थांबवले होते. त्याच वर्षी लागू झालेल्या नियमांनी गाभ्याचा जास्तीत जास्त पाचवा हिस्सा पर्यटनाला मोकळा ठेवला आणि तेथे नव्या बांधकामाला मज्जाव केला. त्यामुळे राहण्याची मागणी रामनगरच्या बाजूला, उद्यानाच्या सीमेबाहेर वाढत गेली. आपल्याकडे ताडोबा आणि मेळघाट येथे जाणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो.

तेव्हा अरण्यात जाणाऱ्याने शिधा बांधताना थोडा इतिहासही सोबत बांधावा. सीमेवरच्या गावात मुक्काम करता आला तर तेथे करावा, तेथल्या दुकानातून डाळ-तांदूळ घ्यावेत, तेथल्याच वाटाड्याला त्याचे पुरते मोल द्यावे, आणि चौकीदाराने विहिरीवरून आणलेली पाण्याची बादली त्याच्या हातून घेताना बागेश्वरच्या नदीत बुडालेल्या वह्यांचे स्मरण ठेवावे. चट्टीवरचा गरीब यात्रेकरू निघताना भांडी घासून ठेवीत असे. अरण्याच्या पाहुण्याला याहून वेगळा शिष्टाचार शिकण्याची गरज नाही.