त्सुजिमुरा, मिचियो

(१७ सप्टेंबर १८८८ – १ जून १९६९). जपानी कृषिरसायनशास्त्रज्ञ. हिरव्या चहातील क जीवनसत्त्व तसेच कॅटेचिन आणि टॅनिन ही तुरट द्रव्ये यांवरील मूलभूत संशोधनासाठी प्रसिद्ध. कृषिविज्ञानात डॉक्टरेट मिळविणाऱ्या जपानमधील पहिल्या महिला.

त्यांचा जन्म साइतामा प्रांतातील ओकेगावा येथे झाला. शिक्षिका होण्याचे शिक्षण १९०९ मध्ये पूर्ण करून त्या टोकियोच्या महिला उच्च नॉर्मल स्कूल या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ कोनो यासुई या तेथे त्यांच्या शिक्षिका होत्या. पुढे १९२७ मध्ये जपानमधील पहिल्या महिला विज्ञान-डॉक्टर ठरलेल्या यासुई यांच्यामुळेच त्यांना संशोधनाची ओढ लागली. तरीही १९१३ मध्ये शिक्षण संपल्यावर काही वर्षे योकोहामा आणि साइतामा येथे मुलींना शिकविण्यातच गेली.

१९२० मध्ये त्या होक्काइदो इंपीरियल विद्यापीठात गेल्या. तेथे तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. कृषिरसायन विभागाच्या अन्नपोषण प्रयोगशाळेत त्यांनी बिनपगारी साहाय्यक म्हणून काम पत्करले आणि रेशीमकिड्यांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. दोन वर्षांनी त्या टोकियो इंपीरियल विद्यापीठाच्या वैद्यकीय रसायन प्रयोगशाळेत आल्या. पण १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात ती प्रयोगशाळाच उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘रिकेन’ या संशोधनसंस्थेत उमेतारो सुझुकी यांच्या हाताखाली त्या रुजू झाल्या. सुझुकी यांनी १९१० मध्ये तांदळाच्या कोंड्यातून बेरीबेरी रोखणारा घटक वेगळा काढला होता. अन्नातला नेमका कोणता घटक गुणकारी, हे शोधण्याची शिस्त त्सुजिमुरांना या प्रयोगशाळेत मिळाली.

सेइतारो मिउरा या सहकाऱ्यासह त्यांनी १९२४ मध्ये हिरव्या चहात क जीवनसत्त्व असल्याचे दाखवून दिले. त्या वेळी हे जीवनसत्त्व म्हणजे कोणते रसायन, हेच ठाऊक नव्हते. ते उमगायला १९३२ साल उजाडावे लागले. तोवर एखाद्या पदार्थाने गिनीपिगांमधील स्कर्व्ही टळते का, हे पाहूनच त्याचे अस्तित्व ठरवीत. वाळवलेल्या पानात जीवनसत्त्व टिकावे, हे तेव्हा नवलाचे होते. त्याचे कारण पान तयार करण्याच्या रीतीत आहे. जपानमध्ये खुडलेल्या पानांना लगेच वाफ देतात, त्यामुळे पानातील विकरे निकामी होतात. काळ्या चहासाठी मात्र पान मळून हवेत ठेवतात. त्यात विकरे काम करीत राहतात, कॅटेचिनांचे ऑक्सिडीकरण होऊन पान तांबूस-काळे पडते आणि क जीवनसत्त्व जवळजवळ उरतच नाही. या शोधामुळे उत्तर अमेरिकेला होणारी हिरव्या चहाची निर्यात वाढण्यास हातभार लागला, असे मानले जाते.

पण त्यांचे खरे मोठे काम म्हणजे चहाच्या तुरटपणामागची द्रव्ये एकेक करून शुद्ध रूपात मिळविणे. १९२९ मध्ये त्यांनी चहातून कॅटेचिन वेगळे केले आणि पुढच्याच वर्षी टॅनिन स्फटिकरूपात मिळविले. ही द्रव्ये हाताळायला अवघड असतात. पानांच्या अर्कात कॅफिन, शर्करा, अमिनो अम्ले आणि रंगद्रव्ये एकत्र असतात. अर्क हवेत राहिला की तांबूस होतो आणि हवे असलेले द्रव्यच बदलून जाते. म्हणून एका द्रावकाने कॅफिन काढायचे, दुसऱ्याने कॅटेचिने ओढून घ्यायची आणि स्फटिक धरेपर्यंत वाट पाहायची. आपल्याकडे विड्यातल्या कातालाही तुरटपणा येतो तो कॅटेचिनामुळेच. कातातील हे द्रव्य एकोणिसाव्या शतकातच वेगळे झाले होते.

या संशोधनावर आधारित ‘हिरव्या चहाचे रासायनिक घटक’ हा प्रबंध त्यांनी टोकियो इंपीरियल विद्यापीठाला सादर केला आणि १९३२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विद्यार्थिनी म्हणून जिथे दार बंद होते, तिथे त्यांची पदवी निव्वळ कामाच्या बळावर आली. १९३४ मध्ये त्यांनी गॅलोकॅटेचिन वेगळे केले आणि १९३५ मध्ये वनस्पतींतून क जीवनसत्त्वाचे स्फटिक मिळविण्याच्या पद्धतीचे पेटंट नोंदविले. एवढे होऊनही रिकेनमध्ये कनिष्ठ संशोधक हे पद मिळायला १९४२ उजाडले; संशोधकपद १९४७ चे. ही दिरंगाई त्या काळच्या व्यवस्थेबद्दल पुरेसे सांगते.

चहाच्या झाडाच्या चयापचयाविषयी आज जे कळते, त्याला या शुद्ध द्रव्यांचा आधार आहे. कॅटेचिने कोवळ्या शेंड्यात, म्हणजे कळी आणि लगतच्या दोन पानांत, सर्वाधिक असतात. किडींना ती नकोशी वाटतात आणि अतिनील किरणांपासूनही पानाला आडोसा देतात. म्हणूनच उन्हातल्या पानात ती वाढतात. थिअॅनिन हे चहाला गोडसर चव देणारे अमिनो अम्ल मुळांत तयार होऊन पानांत येते आणि उन्हात त्याचा वापर कॅटेचिनांच्या निर्मितीकडे वळतो. ग्योकुरो चहाच्या झुडपांवर खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे आच्छादन घालतात ते यासाठीच. सावलीत थिअॅनिन टिकते आणि तुरटपणा कमी राहतो. मळेवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिभेने पारखलेली ही गोष्ट द्रव्यांची ओळख पटल्यावर मोजता येऊ लागली.

१९४९ मध्ये ओचानोमिझु विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्या तेथे प्राध्यापक झाल्या. १९५० मध्ये गृहशास्त्र शाखेच्या त्या पहिल्या अधिष्ठाता झाल्या. १९५५ मध्ये निवृत्त झाल्यावर जिस्सेन महिला विद्यापीठात त्यांनी १९६३ पर्यंत अध्यापन केले. हिरव्या चहावरील संशोधनासाठी १९५६ मध्ये त्यांना कृषिविज्ञानाचे जपान पारितोषिक, तर १९६८ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द प्रेशस क्राउन’ (चतुर्थ श्रेणी) हा राजसन्मान मिळाला. ऐची प्रांतातील तोयोहाशी येथे त्यांचे निधन झाले.