विशेष दलांची पाच सूत्रे : एक भाष्य

अमेरिकी संरक्षण अभ्यासक जॉन कॉलिन्स यांनी १९८७ मध्ये विशेष दलांविषयी पाच सूत्रे मांडली. त्यांचा आशय येथे माझ्या शब्दांत.

१. शस्त्रापेक्षा माणूस मोलाचा.
ड्रोनच्या काळात हे जुनाट वाटेल. पण ड्रोनला घर दिसते. त्या घरातला कोण खरे बोलतो हे कळायला तिथली बोली जाणणारा जवान लागतो.

२. संख्येपेक्षा कस पाहावा.
३. अशी दले घाऊक घडत नाहीत.
दुसऱ्यातून तिसरे ओघानेच येते, म्हणून दोन्ही एकत्र वाचावीत. २०२५ मध्ये भारतीय लष्कराने एकदम अनेक भैरव बटालियनांची घोषणा केली, तेव्हा हा सूत्रभंग आहे असा आक्षेप घेता आला असता. मला तो पटत नाही. भैरव ही पायदळातील घातक प्लाटून आणि लष्कराचे विशेष दल पॅरा एसएफ यांच्यामधली पायरी आहे. सीमेलगतचे छापे तिने उचलले, तर पॅरा एसएफ खोलवरच्या कामाला मोकळी राहील. १९७१ मध्ये भवानी सिंह यांच्या १० पॅरा कमांडोने वाळवंट ओलांडून पाकिस्तानातील छाछरोवर घातलेला छापा, ही त्या कामाची जात.

४. संकट उभे राहिल्यावर तयारी करू म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो.
२६/११ च्या रात्री नौदलाचे मार्कोस कमांडो मुंबईच्या ताज हॉटेलात शिरले. ओलीस सोडवण्यात तरबेज एनएसजी मात्र दिल्लीजवळच्या मानेसरला. विमान मिळवून ती मुंबईत पोहोचेपर्यंत सकाळ झाली. तेव्हा या सूत्रात ठिकाण आणि विमान अध्याहृत धरावे. मुंबईत एनएसजीचे केंद्र आले ते २००९ मध्ये.

५. इतरांच्या साथीविना बहुतेक मोहिमा तडीस जात नाहीत.
अमेरिकेत हे सूत्र कित्येक वर्षे गाळलेच जात होते. शूरांना ते रुचले नसावे. खरे तर पाचांत हेच सर्वांत महाग पडलेले. एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधील अमेरिकी ओलिसांना सोडवायला अमेरिकी लष्कराची डेल्टा फोर्स निघाली. हेलिकॉप्टरे नौदलाची, वैमानिक बहुतेक मरीन, मालवाहू विमाने हवाई दलाची. आठपैकी पाचच हेलिकॉप्टरे कामाची उरली, गरज किमान सहांची होती. मोहीम सोडून परतताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळले आणि आठ जण मेले. कमांडो तेहरानला पोहोचण्याआधीच झालेली ती हार. पुढे १९८७ मध्ये स्वतःच्या अंदाजपत्रकासह विशेष दलांची स्वतंत्र कमांड उभी राहिली.

आपल्याकडे संरक्षण सुधारणांवरील नरेश चंद्र समितीने विशेष दलांची संयुक्त कमांड सुचवली होती. २०१९ मध्ये उभा राहिला तो सशस्त्र दलांचा विशेष मोहीम विभाग. त्यात जवान तिन्ही दलांचे, पण पॅरा एसएफ, मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड आपापल्या दलांतच राहिले. माझ्या मते पुढचा पैसा नव्या तुकड्यांआधी या विभागाच्या कायमच्या हेलिकॉप्टरांवर आणि त्याच्या जवानांसोबतच सराव करणाऱ्या वैमानिकांवर जावा.