नवकम्म : विहारबांधणीचे नियोजन आणि श्रमाचे मोल

प्राचीन विहारांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि त्या लेखनात शिल्पाचे सौंदर्य येते, दात्याचे नाव येते, राजवंश येतो. बांधकाम मात्र येत नाही. जागा कोणी पाहिली, किती वर्षे लागतील हे कोणी ठरविले, काम कोणाच्या हाती सोपविले आणि राबणाऱ्याला काय मिळाले, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. वास्तविक या प्रश्नांची उत्तरे पाली वाङ्मयात विखुरलेली आहेत. विनयपिटकात या साऱ्या व्यवहाराला 'नवकम्म' अशी संज्ञा आहे आणि तो पाहणाऱ्या भिक्खूला 'नवकम्मिक' म्हटले आहे. या शब्दाचा उगम एका गरीब माणसाच्या तक्रारीशी जोडलेला आहे, म्हणून तेथूनच आरंभ करणे आम्हांस योग्य वाटते.

चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात ही कथा येते. वैशालीत लोक मोठ्या आदराने विहार बांधीत होते. ते पाहून एका दरिद्री शिंप्याला वाटले की, ज्याअर्थी हे लोक इतक्या श्रद्धेने हे काम करीत आहेत त्याअर्थी हे काम क्षुल्लक नसावे. आपणही ते करावे. त्याने स्वतः चिखल तुडविला, विटा रचल्या, भिंत उभारली. पण ती विद्या त्याला अवगत नव्हती. भिंत वाकडी झाली आणि कोसळली. दुसऱ्यांदा कोसळली, तिसऱ्यांदाही कोसळली. तेव्हा तो संतापून म्हणू लागला की, हे शाक्यपुत्रीय श्रमण चीवर, भोजन, औषध देणाऱ्यांनाच उपदेश करतात आणि त्यांच्याच बांधकामावर देखरेख ठेवतात; मी गरीब, मला कोण सांगणार?

हे बोल भगवंतांच्या कानी गेले. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. बांधकामाची जबाबदारी संघाने ज्ञप्ती मांडून, रीतसर संमतीने एका भिक्खूकडे सोपवावी, त्याने विहार लवकर पूर्ण होईल अशी खटपट करावी आणि मोडतोड झालेले दुरुस्त करावे, अशी अनुज्ञा दिली. म्हणजे देखरेखीची ही संस्था श्रेष्ठींच्या सोयीसाठी नव्हे, तर एका निर्धन उपासकाचे श्रम तीनदा मातीत गेले म्हणून जन्मास आली. अनाथपिंडिकाच्या जेतवनाची कथा आपल्या प्रत्येक प्रवचनात येते. हा शिंपी कोठेच येत नाही. (जेतवनातही अंदाज चुकलाच होता. पहिल्या खेपेला आणलेले धन प्रवेशद्वाराजवळच्या थोड्या जागेला पुरले नाही, आणि ती जागा जेत राजकुमाराने स्वतः दिली, असे विनयच सांगतो.)

अधिकार आला की त्याचा दुरुपयोगही आला. पुढे भिक्खू केवळ मातीचे गोळे रचणे, भिंत सारवणे, दार बसविणे, चुना देणे एवढ्याशा कामासाठी नवकम्म देऊ लागले, आणि तेही वीस वर्षे, तीस वर्षे, क्वचित आयुष्यभरासाठी. नवकम्मिकाला उत्तम निवासस्थान मिळत असे, हे ध्यानी घेतले म्हणजे या दीर्घ मुदतींचे रहस्य उलगडते. भगवंतांनी हा प्रकार बंद केला. काम पाहूनच मुदत ठरवावी, असा दंडक घातला : लहान विहारास ५ ते ६ वर्षे, अड्ढयोग या प्रकारच्या इमारतीस ७ ते ८ वर्षे, मोठ्या विहारास वा प्रासादास १० ते १२ वर्षे. एकाच व्यक्तीला दोन कामे देऊ नयेत, असेही सांगितले. आजच्या भाषेत सांगायचे तर आधी कामाचा आवाका पाहणे, मग मुदत, आणि एका माणसाच्या हाती एकच काम.

जागा आणि आकार यांविषयीचे नियम संघादिसेसात आहेत. त्यांची निदानकथा गमतीची, पण बोचरी आहे. आळवीचे भिक्खू स्वतःसाठी कुटी बांधताना लोकांकडे सतत मागणी करीत : माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या. लोक इतके त्रासले की भिक्खू दिसताच पळू लागले. गाय दिसली तरी भिक्खूच समजून पळत. या कुटीचे आतील माप सुगत-वितीने बारा विती लांब व सात विती रुंद असे मर्यादित करण्यात आले. इतर भिक्खूंना नेऊन जागा दाखवावी, जागा निरुपद्रवी असावी आणि सभोवती जुंपलेली गाडी फिरू शकेल इतकी मोकळीक असावी, अशा अटी घातल्या गेल्या. छन्नाची कथाही याच जातीची आहे. पूर्ण झालेला विहार तो पुनःपुन्हा शाकारीत राहिला, पुनःपुन्हा लिंपीत राहिला. अखेर भाराने विहारच पडला, आणि त्यासाठी गवत-लाकूड गोळा करताना एका ब्राह्मणाचे जवाचे शेत तुडविले गेले ते वेगळेच.

विनयातील हे नियम संघापुरते होते. राजाने बांधकाम हाती घेतले तर काय घडत असे, याचे सविस्तर वर्णन आपल्याला सिंहलद्वीपाच्या 'महावंस' या ग्रंथात मिळते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील दुट्ठगामणी राजाने अनुराधपुरात महाथूप उभारण्यास आरंभ केला. ग्रंथ त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी रचला गेला, म्हणून त्यातील आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत. शिवाय युद्धात मारल्या गेलेल्यांबद्दल राजाचे जे सांत्वन त्यात अर्हतांच्या तोंडी घातले आहे ते आम्हांस धम्माशी सुसंगत वाटत नाही. तरीही बांधकामासंबंधीचा भाग मोलाचा आहे. लोकांवर कर बसवून विटा पाडणे उचित नाही, मग धर्माने विटा कशा मिळतील, ही राजाची पहिली चिंता होती.

त्यानंतर जे येते त्याला निविदा मागविणे म्हणावे की काय, असा मोह होतो. कसे बांधशील, असे राजाने कारागिरांना विचारले. एक म्हणाला, शंभर माणसे घेऊन दिवसाला गाडीभर रेती खपवीन. दुसऱ्याने निम्मी सांगितली, तिसऱ्याने त्याहून निम्मी, चौथ्याने दोनच अम्मण. राजाने चौघांनाही नाकारले. पाचवा म्हणाला, मी ती उखळात कांडीन, चाळीन, जात्यावर दळीन आणि एकच अम्मण वापरीन. राजाने त्याला काम दिले. कारण अशा चैत्यावर गवत उगवणार नव्हते. मग, आकार कसा देशील, या प्रश्नावर त्याने सुवर्णपात्रात पाणी भरून त्यावर ओंजळीने पाणी सोडले आणि उठलेला बुडबुडा दाखविला. येथे चढाओढ दराची नाही. किती बारीक दळशील, याची आहे.

आणि मजुरी? राजाने चारही दरवाजांवर प्रत्येकी सोळा लाख कहापण, वस्त्रे, अन्नपाणी ठेवविले आणि विनामोबदला काम येथे घेतले जाणार नाही, अशी आज्ञा केली. ज्या समाजाने वेठबिगार पिढ्यान्‌पिढ्या सोसली, ज्याच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणावे लागले, त्या समाजातील वाचकाने हे वाक्य सहज ओलांडून जाऊ नये. एका भिक्खूने पुण्यात वाटा मिळावा म्हणून मातीचा गोळा गुपचूप कामगाराच्या हाती दिला. राजाला ते कळले, आणि जाईच्या कळ्यांचे घडे त्या भिक्खूकडे पोहोचवून ते तुमच्या मातीचे मोल आहे, असे नंतर सांगण्यात आले. फुकट श्रम भिक्खूकडूनही घेतले गेले नाहीत.

आपल्या वस्त्यांतील विहार रोजंदारी करणाऱ्यांच्या वर्गणीतून उभे राहतात. काहींच्या गजांना गंज चढला तरी स्लॅब पडलेला नसतो. तेथील उपासकांची श्रद्धा वैशालीच्या शिंप्याच्या श्रद्धेहून उणी नाही. उणा आहे तो संमतीने नेमलेला, मुदतीने बांधलेला, हिशेब देणारा नवकम्मिक. ज्यांचे काम पूर्ण होते त्यांच्या संगमरवरी पाटीवर देणगीदार असतात, उद्‌घाटक असतात. गवंड्याचे नाव आम्ही क्वचितच वाचले आहे. नागार्जुनकोंडा येथे उपासिका बोधिसिरीचा इ. स. तिसऱ्या शतकातील शिलालेख आहे. तिने ठिकठिकाणी दिलेल्या दानांची यादी संपल्यावर लेख थांबत नाही. हे नवकम्म चंदमुख, धम्मनंदी आणि नाग या तीन थेरांनी पाहिले, असे तो नोंदवितो; आणि त्याच्याही पुढे, पाथरवटाचे काम विधिकाचे, असे लिहून मगच संपतो.