रेकॉर्डरची बॅटरी किती तास चालते? आधी विचारा, काय करताना?

फील्डवर्कसाठी रेकॉर्डर घेताना आपण खोक्यावरचा एक आकडा बघतो: बॅटरी किती तास. हा आकडा नेमकं काय मोजतो, हे समजून घ्यायला थोडं मागे जाऊ.

1890 मध्ये जेसी फ्यूक्स यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वॉडी लोकांची गाणी आणि गोष्टी मेणाच्या सिलिंडरवर घेतल्या. भारतात ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणासाठी 1913 पासून तबकड्या निघाल्या. या दोन्ही ठिकाणी बॅटरी संपायचा प्रश्न नव्हता. सिलिंडर किंवा तबकडीच काही मिनिटांत संपायची.

पुढे ध्वनिमुद्रण विजेवर आलं आणि अडचण बदलली. 1933 मध्ये जॉन आणि ॲलन लोमॅक्स हे बापलेक लोकगीतं गोळा करायला निघाले, तेव्हा मोटारीच्या डिकीत सुमारे 143 किलोचं यंत्र होतं. त्या वजनात बॅटऱ्यांचा वाटा मोठा होता. व्हॅक्यूम ट्यूबची तार सतत तापलेली ठेवावी लागते, म्हणजे आवाज असो वा शांतता, वीज जळतच राहते.

1951 मध्ये स्टेफान कुडेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये पहिला नाग्रा बनवला. त्यांनी खर्चाची विभागणी केली: टेप फिरवायला चावीची स्प्रिंग, बॅटरी फक्त ट्यूबसाठी. त्याच दशकाच्या अखेरीस नाग्रा 3 आला. ट्रान्झिस्टरमुळे विजेची इतकी बचत झाली की मोटरसुद्धा बॅटरीवर टाकता आली. त्याला टॉर्चमधले मोठे 12 सेल लागायचे, एकूण 18 व्होल्ट.

आजच्या रेकॉर्डरमध्ये फिरणारं काहीच नाही, तरी खर्च आहेच. झूम एच4एन दोन पेन्सिल सेलवर साधारण 6 तास चालतो. काही सुविधा बंद केल्या की तोच 11 तासांपर्यंत जातो. उलट, बाहेरच्या माइकला 48 व्होल्टचा फँटम पुरवठा दिला की वेळ झपाट्याने घटतो. यंत्र तेच, सेल तेच, आकडे मात्र वेगळे.

म्हणून दोन रेकॉर्डरची तुलना करताना सेलचा प्रकार, फाइलचा फॉरमॅट, माइक, हेडफोन आणि स्क्रीनचा उजेड सारखा ठेवा. रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचा असतो, साधा 1.5 चा, मेनूमध्ये प्रकार चुकीचा निवडला तर बॅटरीची खूण फसवते. ज्या पद्धतीने मुलाखत घेणार, त्याच पद्धतीने घरी पूर्ण सेल संपेपर्यंत चालवून बघा. बॅटरी मध्येच गेली तर कधीकधी शेवटची फाइल नीट बंद होत नाही आणि उघडतही नाही.

आणि जुनं ध्वनिमुद्रण अभ्यासाला घ्याल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: हे इथेच का थांबलं? बोलणाऱ्याचं सांगून झालं होतं, की यंत्राचं संपलं होतं? याचं उत्तर न शोधता गाणं 'छोटं' होतं असं लिहिलंत, तर यंत्राची मर्यादा माणसाच्या नावावर लागते.