पीयूष ग्रंथीची कुळकथा

नागपूरचा मे महिना ज्याने सोसला आहे, त्याला उन्हाळ्याचे वर्णन सांगायला नको. वाळ्याच्या ताट्यांवर कितीही पाणी शिंपले तरी दुपारी जीव नकोसा होतो. अशा दिवसांत आमच्या महालातील वाड्यात एक काकू अंगावर दुलई घेऊन बसलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. पहिल्याच बाळंतपणात त्यांच्या अंगावरून फार रक्त गेले होते. त्या वाचल्या, पण पान्हा फुटला नाही. मूल शेळीच्या दुधावर वाढले. पुढे त्यांचा विटाळ कायमचा थांबला, भिवया विरळ झाल्या, बोलणे मंदावले. तिशीतच म्हातारपण आलेल्या या बाईला कोणी बाधा झाली म्हणे, कोणी सरळ आळशी म्हणे. त्या दुखण्याचे मूळ कोठे असावे याचा उलगडा मला फार उशिरा, पीयूष ग्रंथीचा इतिहास वाचताना झाला.

ही ग्रंथी मेंदूच्या तळाशी, खोगिराच्या आकाराच्या हाडाच्या खोबणीत बसलेली असते. आकार वाटाण्याएवढा. मेंदूतला कफ येथून नाकात उतरतो, अशी युरोपातील जुन्या वैद्यांची समजूत होती; म्हणून कफाच्या लॅटिन नावावरून तिला ‘पिट्युटरी’ म्हणू लागले. आपल्याकडे मात्र ‘पीयूष’ हा शब्द रुळला. पीयूष म्हणजे अमृत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण नुकत्याच व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधालाही, ज्याचा आपण खरवस करतो त्या चिकालाही, संस्कृतात पीयूषच म्हणतात. आईच्या दुधाची आज्ञा याच ग्रंथीतून सुटते, हे पाहिले म्हणजे नाव किती चपखल बसले याची गंमत वाटते.

गर्भारपणी ही ग्रंथी वाढते आणि तिच्यात एका विशिष्ट जातीच्या पेशींची गर्दी होते, हे व्हिएन्नातील एर्डहाइम आणि श्टुमे यांनी १९०९ मध्ये दाखवले. त्या पेशी दूध निर्माण करवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या, हे पुढे समजले. नऊ महिन्यांत ग्रंथी सुमारे एक तृतीयांशाने मोठी होते आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुन्हा ओसरते. घरात पाहुणा यायचा म्हणून आधीच कोठार भरून ठेवावे, तशी ही तयारी!

पण या तयारीतच धोका आहे. ग्रंथी वाढते, तिचा रक्तपुरवठा मात्र त्या मानाने वाढत नाही. शिवाय तो बारीक, कमी दाबाच्या वाहिन्यांतून होतो. प्रसूतीत अतोनात रक्त गेले की ही वाढलेली ग्रंथी उपाशी पडते आणि तिचा पुढचा भाग मरतो. ग्लासगोच्या प्रसूतिरुग्णालयात शवविच्छेदने करून हॅरल्ड शीहान यांनी हे १९३७ मध्ये मांडले. आज तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गळ्यातील थायरॉइड, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी आणि बीजकोश या साऱ्यांना हुकूम देणारीच गेल्यावर भर उन्हाळ्यात थंडी वाजावी, यात नवल ते काय?

१९४९ मध्ये कॉर्टिसोनचा गुण जगापुढे आला आणि उपचाराची वाट मोकळी झाली. त्यात क्रमही महत्त्वाचा असतो: आधी अधिवृक्क ग्रंथीची उणीव भरायची, मगच थायरॉइडची, उलट केले तर जिवावर बेतू शकते. हा विकार केवळ पुस्तकातला नव्हे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काश्मीर खोऱ्यातील पाहणीत, वीस वर्षांवरील बाळंत झालेल्या स्त्रियांत त्याचे प्रमाण सुमारे ३ टक्के असल्याचा अंदाज निघाला; त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया घरीच बाळंत झाल्या होत्या.

काकू एका साध्या तापाचे निमित्त होऊन गेल्या. त्यांचे निदान कोणी केलेच नाही, तेव्हा तो हाच विकार होता असे छातीठोकपणे मी कसे म्हणू? पण गोळ्या जगात तेव्हा आल्या होत्या, आणि नागपुरात १९४७ पासून वैद्यकीय महाविद्यालयही होते. नव्हता तो एक प्रश्न विचारणारा: ‘बाई, बाळंतपणात रक्त फार गेले होते का? दूध आले होते का?’

या दिवाळीत चार घरच्या लेकीसुना एकत्र जमतील. त्यांच्यात अशी कोणी सदा थकलेली, गारठलेली दिसली, तर तिला नावे ठेवण्याआधी हा प्रश्न तेवढा विचारावा, आणि उत्तर तसेच आले तर तिला डॉक्टरांकडे न्यावे.