शिकारीची बांधाबांध

गेल्या हिवाळ्यात ताडोबाला जायचे ठरले तेव्हा आमच्या नेरूळच्या घरात बैठकीच्या खोलीत दोन दिवस सामानाचा ढीग पडून होता. मातकट रंगाचे कपडे, दुर्बीण, मित्राकडून मागून आणलेली कॅमेऱ्याची लांबलचक लेन्स, ओळखपत्रांच्या प्रती, प्रवेशाचा परवाना, तापाच्या गोळ्या, चिवड्याचा डबा. यादीवर खुणा चालल्या असताना घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले, "वाघ बघायला निघालात की मारायला?" प्रश्न थट्टेचा होता. पण तो ढीग पाहताना आम्हांला खरोखरच जाणवले की बंदूक वगळली तर ही यादी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याच्या यादीहून फारशी निराळी नाही.

शिकारीचा इतिहास आपण बहुधा नेमबाजीचा आणि धाडसाचा इतिहास म्हणून वाचतो. वाघ समोर आला, चाप ओढला, वाघ पडला, एवढाच भाग कथाकारांना प्रिय असतो. त्याआधीची पंधरा दिवसांची बांधाबांध प्रस्तावनेत एका परिच्छेदात उरकली जाते. आमच्या मते मात्र शिकारीचा खरा सामाजिक इतिहास त्या बांधाबांधीतच आहे. काय बांधले, कोणाच्या परवानगीने बांधले आणि ते कोणाच्या डोक्यावर चढवले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बंदुकीच्या आवाजाआधीच बरेचसे कळून चुकते.

आपल्याकडे राजाच्या मृगयेला शास्त्राचा आधार फार जुना. कौटिल्याने अर्थशास्त्रात मृगया हे व्यसन मानले, तरी तिचे गुणही मोजले आहेत: व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम साधण्याचा सराव होतो, प्राण्यांचे चित्त कळते. पण त्याच ग्रंथात राजाच्या विहारासाठी राखायच्या वनाचे जे वर्णन आहे ते वाचून हसू येते. त्या वनाला एकच दार असावे, भोवती खंदक असावा आणि आतल्या हिंस्र पशूंची नखे व दात काढलेले असावेत! तयारी म्हणतात ती ही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांची चर्चा केली, तीतही मृगयेला स्वतंत्र स्थान आहे. राजाची शिकार ही रानातली आकस्मिक भेट कधीच नव्हती. तो आधीपासून रचलेला, माणसांनी भरलेला सोहळा होता.

मराठी राज्यव्यवस्थेतही ही रचना दिसते. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत शिकारखाना आहेच. पण मोठी शिकार निघायची तर एकट्या शिकारखान्याने भागत नसे. तंबू, कनाती, जाजमे सांभाळणारा फरासखाना, पाण्याची व्यवस्था पाहणारा आबदारखाना, स्वयंपाकाचा मुदपाकखाना, दारूगोळ्याचा दारूखाना, ओझ्याच्या उंटांचा उष्टरखाना आणि हत्तींचा पीलखाना यांच्यावाचून राजाचा मुक्काम रानात हलणे कठीण. शिकार म्हणजे चालते-फिरते छोटे राज्यच. पुण्याच्या फरासखान्यावरून आपण रोज जातो, पण त्या नावामागे तंबू उभारणाऱ्या आणि गुंडाळणाऱ्या हातांची एक अख्खी परंपरा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा सोहळा साहेबांच्या हाती गेला आणि येथे आमच्या नव्या मुंबईचा संबंध येतो. नवी मुंबई हे नाव १९७० साली सिडकोच्या स्थापनेनंतर रूढ झाले. पण बेलापूर, पनवेल, उरण ही गावे जुनीच. मुंबई बेटावरून दख्खनेत जायचे तर रेल्वे येण्यापूर्वीचा राबता मार्ग पनवेलचा. मुंबईच्या बंदरात सामान पडावात किंवा मचव्यात भरायचे, भरतीची वेळ साधून खाडीने पनवेलला यायचे आणि तेथून बैलगाड्या, तट्टे, पालख्या करून खोपोलीमार्गे बोरघाट चढायचा. १८३० साली घाटातून चाकाच्या गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला, तरी खाडीची भरती-ओहोटी कोणाच्या हुकमाने चालत नव्हती. वेळ चुकली की सामान चिखलात अडकून बसे. आज ज्या खाडीवरच्या पुलावरून लोकलने आम्ही दहा मिनिटांत पलीकडे जातो, तिच्या काठी शिकारीच्या पेट्या पाण्याची वाट पाहत थांबत असणार, ही कल्पना आम्हांला मोठी मौजेची वाटते.

१८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, १८६३ साली बोरघाटातला लोहमार्ग पुरा झाला आणि १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली. सातपुड्याची आणि चांद्याकडची राने मुंबईच्या साहेबाला एकाएकी जवळ आली. पनवेलचे बंदर मागे पडले. अंतर कमी झाले, पण सामान मात्र कमी झाले नाही. उलट ते वाढले.

त्या सामानात काय असे? वाघाची शिकार मुख्यतः उन्हाळ्यात, मार्च ते जून. पानगळीने रान उघडे पडते, पाणी मोजक्या डोहांत उरते आणि जनावर त्या पाण्याला बांधलेले असते. म्हणजे तयारीचा पहिला विषय ऊन आणि पाणी. दुहेरी कापडाचे तंबू, नोकरांसाठी राहुट्या, वाळ्याचे पडदे, पाण्याच्या पखाली व त्या वाहणारे भिस्ती, उकळलेले पाणी थंड करण्याच्या सुरया. मग क्विनीन. मग बंदुका. जुन्या ठासणीच्या बंदुकीची तयारी पुष्कळच किचकट होती. दारूचे शिंग, शिशाच्या गोळ्या पाडण्याचे साचे, चिंध्या, टोप्या आणि ठासायचा गज. एक बार काढल्यावर पुन्हा भरायला जो वेळ लागे तेवढ्यात जखमी वाघ अंगावर येई. म्हणून दोन-तीन बंदुका भरून तयार ठेवायच्या आणि त्या मागे धरून उभे राहायला माणसे लागायची. साहेबाच्या हातात एक बंदूक दिसते ती चित्रात. प्रत्यक्षात तिच्या मागे आणखी दोन हात थरथरत असत. १८६० नंतर मागून भरायची काडतुसाची बंदूक आली, शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली आणि नेम सोपा झाला. तरीही पेट्यांची संख्या घटल्याचे कोठे दिसत नाही. बंदुकीचे ओझे हलके झाले तसे ऐषारामाचे वाढले, एवढाच त्याचा अर्थ.

आता तिसरा प्रश्न: हे सारे वाहिले कोणी? शिकारीच्या इंग्रजी आठवणींमध्ये घोड्यांची नावे असतात, कुत्र्यांची असतात, बंदूक बनविणाऱ्या लंडनच्या कारागिरांची असतात. माग काढणाऱ्या एखाद्या भिल्लाचे वा गोंडाचेही नाव क्वचित येते. हाका घालणाऱ्यांचा मात्र फक्त आकडा येतो. डबे, ढोल, काठ्या घेऊन रान उठवणारी ही माणसे बिनशस्त्र असत आणि जखमी वाघ हाक्याच्या रांगेवर उलटला तर पहिला बळी त्यांचा पडे. जेम्स औट्रमने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. त्याच्या चरित्रात त्या दहा वर्षांत त्याच्या हजेरीत १९१ वाघ मारले गेल्याचा हिशेब आहे. भिल्लांचा विश्वास त्याने शिकारीतून मिळवला असे सांगितले जाते आणि ते खोटे नसावे. पण १९१ वाघांमागे किती हाकेकरी जायबंदी झाले, याचा हिशेब त्या आकड्याइतका प्रसिद्ध नाही.

गावात अंमलदाराचा मुक्काम पडला की जागा साफ करणे, सरपण-गवत आणणे, रात्री राखण करणे, पुढच्या गावापर्यंत ओझे पोहोचवणे ही कामे गावकऱ्यांच्या, त्यातही वतनाच्या नावाखाली महारांच्या गळ्यात पडत. मुक्काम सरकारी कामाचा की शिकारीचा, हा भेद ओझे वाहणाऱ्याला काय कळणार? आणि कळून उपयोग काय? ही वेठ म्हणजे केवळ जुलमी रिवाज नव्हे, तर एका संपूर्ण व्यवस्थेचा पाया होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्यामागे हीच जाण होती. कनिष्ठ गाव-वतने कायद्याने रद्द व्हायला मुंबई राज्यात १९५८ साल उजाडले. शिकारीच्या रम्य कथा वाचताना ही तारीख जवळ ठेवावी असे आम्हांला वाटते.

दुसरीकडे एक शिकारी असा होता की ज्याची सारी बांधाबांध एका बैलाच्या पाठीवर मावत असे. फासेपारधी. तंतूंचे, केसांचे वळलेले फासे आणि शिकवलेला बैल किंवा गाय. त्या जनावराच्या आडोशाने चालत जाऊन हरणाला किंवा तित्तिराला गाठायचे. परवाना नाही, तंबू नाही, भिस्ती नाही. रान वाचण्याची विद्या हेच भांडवल. आणि काय योगायोग पाहा: १८७८ च्या शस्त्रकायद्याने व त्याच वर्षीच्या वनकायद्याने साहेबाच्या शिकारीला परवान्याची प्रतिष्ठा मिळाली, तर पारध्याची शिकार चोरी ठरत गेली. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यासही लागू झाला आणि जन्मानेच गुन्हेगार ठरलेल्यांत पारधीही आले. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. राजर्षी शाहू महाराज स्वतः निष्णात शिकारी, चित्त्यांकडून हरणांची शिकार करवणारे. त्यांनी याच फासेपारध्यांना जवळ करून राखणीच्या कामावर नेमले. शिकारी शिकाऱ्याला ओळखतो, ते हे असे. पण असा राजा एखादाच. त्याच कोल्हापूर संस्थानात पुढे देशी चित्ते मिळेनासे झाले आणि आफ्रिकेतून आणवावे लागले. भारतातला चित्ता १९५२ साली नामशेष झाल्याचे जाहीर झाले. बांधाबांध पुरी होती, फक्त जनावर संपले होते.

परतीच्या सामानाचीही एक गोष्ट आहे. मीठ, तुरटी, सोमलाचा साबण हे पदार्थ जाताना पेटीत असत ते येताना कातडी टिकवण्यासाठी. या कातड्या-कवट्यांतून अखेर काही चांगलेही निघाले, हे मान्य केले पाहिजे. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. शिकारीत मिळालेले नमुने जमवावेत, त्यांच्या नोंदी ताडून पाहाव्यात हा त्या मंडळींचा उद्योग होता. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी गृहस्थ होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील. शिकाऱ्याच्या पेटीतून निसर्गविज्ञान आपल्याकडे आले, तसेच तिच्यातून एक चाकूही आला. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतील अधिकारी वाघाच्या मागावर अजिंठ्याच्या दरीत शिरला आणि दहाव्या लेण्यात पोहोचला. तेथे त्याने खांबावरच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. आज ती अक्षरे माणसाच्या उंचीहून वर दिसतात, कारण तेव्हा लेण्यात मातीचा भराव साचलेला होता. शिकार आणि शोध यांचा हा एकाच हातातला संयोग आम्हांला फार बोलका वाटतो. सापडलेल्या वस्तूवर आपली खूण उमटवल्यावाचून त्या हाताला चैन पडत नाही.

मग शिकारीचे दिवस सरले. ताडोबात १९३५ साली शिकारबंदी झाली, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशभर शिकारीचा दरवाजा लागला. मुंबईच्या आसपासचा वाघ त्याआधीच गेला होता. १९२९ साली विहार तलावाजवळ मारलेला वाघ या परिसरातल्या अखेरच्यांपैकी. हे सारे चांगलेच झाले, यात शंका नाही. पण ओझ्याचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. ताडोब्याच्या गाभ्यातली काही गावे वाघांसाठी उठली. त्या माणसांनीही एकदा बांधाबांध केली: भांडी, धान्याच्या कणग्या, देव. ती यादी कोणत्याच सफरीच्या पुस्तकात नाही. आम्ही ज्या नेरूळात राहतो तेही कोणाच्या तरी भातशेतीवर आणि मिठागरांवर उभे आहे, हे विसरून दुसऱ्यांना बोल लावण्याचा अधिकार आम्हांला नाही.

ताडोबा हे नाव तारू नावाच्या गोंड पुरुषावरून पडले असे लोककथा सांगते. तो वाघाशी झुंजताना मेला आणि तळ्याकाठी त्याचे देवस्थान झाले. त्याच्यापाशी सामान काय होते, ते कथा सांगत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही ढिगातले निम्मे सामान परत कपाटात ठेवले. आणि यादीच्या तळाशी एक नोंद नव्याने केली: जिप्सीचा चालक आणि वाटाड्या यांची नावे विचारून लिहून घेणे.